फॉरमॅट मारण्याआधी

कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेलं मशीन नेऊन ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रस्ताव येतो : "फॉरमॅट मारूया." सांगणाऱ्याच्या सुरात क्रूरपणा नसतो, असलाच तर धीर असतो. "फोटोबिटो काय असतील तर आत्ताच सांगा, बाजूला काढून ठेवतो," असंही तो म्हणतो. संध्याकाळी मशीन कोरं करकरीत होऊन परत येतं, चालतं, तक्रार मिटते. पुढे कित्येक दिवस मात्र घरातलं कुणी ना कुणी काहीतरी शोधत राहतं. प्रिंटरचा ड्रायव्हर, लग्नपत्रिकेचा जुना फॉन्ट, टॅलीचा तीन वर्षांपूर्वीचा बॅकअप. विचारलं असतं तर आठवलं असतं. पण 'काय काय आहे' या प्रश्नाचं उत्तर काउंटरपाशी उभ्याउभ्या देता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं स्वतःचं कपाट कधी आवरलेलं नसावं.

या प्रस्तावाची खरी कसोटी लागते ती एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम नांदत असतील तेव्हा. ड्युअल बूट म्हणतात ते हे. बटण दाबलं की यादी येते, त्यातलं एक निवडायचं. अशी घरं फार नसतील, पण आहेत, आणि ती का आहेत हे इथल्या माणसाला सहज कळतं. वडील टॅली चालवतात, जीएसटीची विवरणपत्रं भरतात, नाहीतर घरातच डीटीपीची कामं घेतात. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या अभ्यासाला लिनक्स लागतं. मशीन एकच, कारण दुसरं घ्यायचं तर पैसे लागतात. डीटीपीवाल्याला विंडोज सोडता येत नाही त्यामागे हौस नसते. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची पानंच्या पानं टाइप झाली. त्या फायली दुसरीकडे उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. गावच्या जत्रेची स्मरणिका, कुणाचा प्रबंध, एखाद्या पतसंस्थेचे वीस वर्षांचे अहवाल, अशी बरीच मराठी अजून त्या जुन्या खोलीत कोंडलेली आहे आणि तिची किल्ली विंडोजकडे आहे.

मग एके दिवशी यादी येत नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. किंवा यादी न येता थेट विंडोज उघडतं आणि लिनक्सचा मागमूस नसतो. किंवा उलट : लिनक्स उघडतं, विंडोज गायब. घरात आरोप सुरू होतात. 'ते तुझं काय ते टाकल्यापासून' हे वाक्य अशा प्रत्येक घरात ठरलेलं असावं.

नेमकं मोडलेलं काय असतं? जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये, म्हणजे १९८३च्या पीसी-डॉस २.० पासून जी रीत चालत आली त्यात, सगळा कारभार डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये असे. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला, उरलेले दोन 'हे खरं आहे' अशी खूण पटवायला. ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइटांची. हे किती कमी आहे? युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे पाचशे जीबीच्या डिस्कवर कुणाचा हिस्सा कुठून कुठवर, ही नोंद मराठीत करायची झाली तर एकवीस चिन्हांत उरकावी लागेल. एवढ्याशा जागेवर सगळं घर उभं असतं. तिथं काही खरडलं गेलं की दोन्ही सिस्टिम, सगळे फोटो, सगळे हिशेब जागच्या जागी असूनही मशीनला ते सापडत नाहीत.

सातबारा फाटला म्हणून ऊस वाळत नाही. जमीन तिथंच असते, बांध तिथंच असतो, पाटाचं पाणीही नेहमीसारखं येत असतं. फक्त तलाठ्याच्या कागदात ती कुणाची आणि किती, हे वाचता येईनासं झालेलं असतं. अशा वेळी शहाणा शेतकरी जुनी मोजणी काढतो, शेजाऱ्याचा गट बघतो, बांधाच्या खुणा शोधतो. नोंद फाटली म्हणून उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवून नव्यानं पेरणी करा, असा सल्ला कुणी दिला तर त्याला वेड्यात काढतील. डिस्कच्या बाबतीत मात्र हा सल्ला रोज दिला जातो आणि पैसे देऊन घेतला जातो.

वारंवार घडणारा एक प्रकार बघा. विंडोजमध्ये जागा कमी पडते. घरातलं कुणीतरी डिस्क मॅनेजमेंट उघडतं. तिथं एक भाग दिसतो, त्याला ना नाव, ना सी-डीसारखं अक्षर. विंडोजला लिनक्सची फाइल सिस्टिम आपणहून वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते त्याला निनावी दिसतं, आणि जे निनावी दिसतं ते माणसाला रिकामं वाटतं. डिलीट. पुढच्या वेळी मशीन सुरू केल्यावर ग्रब रेस्क्यू. आता गंमत अशी, की विंडोजच्या केसालाही धक्का लागलेला नाही. वडिलांचं टॅली सुखरूप आहे. पण यादी दाखवणाऱ्या ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या आरंभी आणि बाकीचा सगळा संसार त्या पुसलेल्या भागात होता. पहिला तुकडा जागा होतो, उरलेलं हाक मारून बघतो, उत्तर येत नाही, आणि तिथंच थांबतो. त्याच्याजवळ अगदी मोजक्या आज्ञा शिल्लक असतात. आहेत ते भाग दाखव, अमुक भागाला घर मान, अशा. आणि पुसलेला भाग? त्याचीही बहुतेक वेळा नोंदच गेलेली असते. त्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्कसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम जुन्या हद्दी हुडकून काढतो.

नव्या मशीनवर तर बिघाड याहून किरकोळ असतो. यूईएफआय ही मशीन सुरू करण्याची नवी रीत आल्यापासून पहिल्या ५१२ बाइट्सवरची ती झोंबाझोंबी संपली. आता एका छोट्या भागात प्रत्येक सिस्टिमचं आपापलं फोल्डर असतं, आणि मदरबोर्डच्या स्मृतीत एक क्रम लिहिलेला असतो : आधी याला विचारा, मग त्याला. वाटण्यांच्या नोंदीची दुसरी प्रतही डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. इथं 'लिनक्स गेलं' याचा अर्थ पुष्कळदा इतकाच, की एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोजनं स्वतःचं नाव क्रमात वर सरकवलं. दोन्ही फोल्डरं जागेवर आहेत. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये जाऊन एक ओळ वर न्यायची, सेव्ह करायचं, संपलं. यासाठीही मशीन फॉरमॅट होतात.

दुकानातल्या पोराला यात दोष देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. फॉरमॅटला ठरलेला दर असतो, निदानाला नसतो. फॉरमॅट लावून दिला की तो आपला आपण चालतो; त्या वेळात आणखी तीन मशीनं लावता येतात. निदानाला एका माणसाचं डोकं एका मशीनपाशी तासभर अडकतं, आणि शेवटी त्यानं केलेलं काम दिसतं काय? एक ओळ वर सरकवली. त्याचे पाचशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक म्हणणार, "नुसतं बघायचं एवढं?" सबंध दिवस घेऊन सगळं पुसून दिलं तर तेच गिऱ्हाईक विनातक्रार पैसे देतं. कष्ट दिसले पाहिजेत, ही आपली जुनी अट आहे. (त्या नव्यानं टाकलेल्या विंडोजच्या परवान्याची चौकशी शक्यतो कुणी करत नाही, हेही या अर्थशास्त्रात धरायला हवं.)

दुसरं कारण शिकण्याशी आहे. २००१पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रात गावोगावी लोकांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. सरकारी नोकरीसाठी ती अट झाली, आणि ज्यांनी एरवी माउसला हात लावला नसता अशा हजारो माणसांची भीड चेपली. हे काम मोठंच आहे. पण त्यातून जी ओळख झाली ती मुख्यतः चालू झालेल्या कॉम्प्युटरची, आणि तीही विंडोजवाल्याची. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचे जे काही क्षण असतात, त्यांत आत काय घडतं हा प्रश्नच तयार झाला नाही. तिथं काही अडलं की मामला आपल्या हाताबाहेरचा.

आता हे कोल्हापूर आहे म्हणून थोडं अधिक बोललं पाहिजे. या गावाची यंत्रांशी ओळख वापरण्यातून कमी आणि खोलून बघण्यातून जास्त झाली. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं बिघडायची, ती दुरुस्त करणारे मेस्त्री तयार झाले, दुरुस्त करता करता सुटे भाग ओतू लागले, आणि त्यातून इथंच अख्खी इंजिनं बनू लागली. शिवाजी उद्यमनगर असं वाढलं. पुढे शेतात वीज आली, ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, पण हात आणि भट्ट्या राहिल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावचा फाउंड्री उद्योग त्याच मातीत रुजला. त्याआधी बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला आणि 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. ज्या गावात कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला जातो, तिथं 'आत काय आहे ते आपल्याला काय करायचंय' हे वाक्य जरा परकं वाटायला हवं.

हे कौतुक फार ताणण्यात अर्थ नाही. मेस्त्रीचं ज्ञान कानात आणि बोटांत होतं. सॉफ्टवेअरच्या बिघाडाला आवाज नसतो, तो हाताला गरम लागत नाही. पण मेस्त्रीची एक सवय मात्र जशीच्या तशी उचलता येते. इंजिन पेटत नसेल तर तो आधी चांगलं काय आहे ते ठरवत जातो. टाकीत डिझेल आहे. नळीतून येतंय. हवा धरलेली नाही. नोझल फवारतोय. जिथवर सगळं ठीक निघालं तिथवरचं तो विसरून जातो आणि बिघाड आपोआप उरलेल्या जागेत कोंडला जातो. मशीनचंही तसंच आहे. कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं, म्हणजे वीज, मदरबोर्ड, स्मृती जागेवर आहेत. सेटअपमध्ये डिस्कचं नाव दिसतंय, म्हणजे डिस्क बोलते आहे. यादी आली पण त्यापुढे काळोख, म्हणजे ग्रब ठीक आहे, अडचण पुढच्या कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची आहे. यादीच नाही, तर त्याआधीची. माणूस फॉरमॅटकडे वळतो तो बहुधा या क्रमानं जायचा कंटाळा म्हणून. आणि फॉरमॅट चालतोही, कारण सगळंच नवं केल्यावर बिघडलेलं नवं होणारच. फक्त बिघडलं काय होतं हे कुणालाच कळत नाही. सहा महिन्यांनी तेच पुन्हा बिघडतं आणि 'ते मशीनच तसलं आहे' असा त्याचा स्वभाव ठरतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती अजिबात नाट्यमय नसते. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन मशीन त्याच्यावरून चालू करायचं. घरच्या डिस्कवर अजून काहीही लिहायचं नाही. आधी नुसतं बघायचं : किती भाग आहेत, कोणत्या आकाराचे, त्यांत काय आहे. या टप्प्यालाच छातीवरचा अर्धा दगड उतरतो, कारण फायली दिसतात. मग ज्याची प्रत नाही त्याची प्रत काढायची. २०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांना प्रत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याला निदान ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो, आणि पावसाळ्यात सगळं गाव तो आकडा रोज विचारतं. डिस्कसुद्धा आपल्या तब्येतीची नोंद आत ठेवत असते. ती कुणी विचारत नाही. प्रत झाली, की पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरायचं, ग्रब पुन्हा बसवायचा आणि यादी नव्यानं करायला सांगायचं. दोन-तीन ओळींच्या आज्ञा. वेळ जातो तो त्या ओळी आपल्या मशीनला लागू कशा करायच्या हे ठरवण्यात, कारण दुसऱ्या कुणाच्या डिस्कचा क्रमांक आपल्याकडे टाइप केला तर आधी नसलेला बिघाड होतो.

मला या सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट वाटते ती क्रमाची. दोन सिस्टिमना एका डिस्कवर राहायला काहीच अडचण नसते. जागा भरपूर असते, आणि एका वेळी एकच जागी असते. तंटा होतो तो पहिलं कुणाला विचारायचं यावर. विंडोज नव्यानं टाकताना ते आरंभाची जागा न विचारता आपल्या नावावर करत आलं. शेजारी दुसरं कुणी राहतं याची त्यानं कधी दखल घेतली नाही. लिनक्सवाले यावरून बरंच बोलतात. त्यांचा ग्रब मात्र शेजाऱ्याला शोधून यादीत घ्यायचा, हे खरं. पण २०२१मध्ये ग्रब २.०६ आला आणि ही शोधाशोध सुरक्षेच्या कारणावरून मूळ रचनेत बंद ठेवली गेली. अपडेट केल्यावर यादीतून विंडोज नाहीसं, आणि घरोघर 'विंडोज उडालं' अशी बोंब. उडालं काहीच नव्हतं. यादी करणाऱ्यानं एक नाव घेणं सोडलं होतं. सेटिंगच्या फायलीत एक ओळ बदलली की ते नाव परत येतं. तेव्हा सौजन्य हा कुठल्या एका बाजूचा जन्मजात गुण नाही. ज्याच्या हातात यादी असते तो ती आपल्या सोयीनं लिहितो.

घड्याळाचा तंटा याहून मजेशीर आहे. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, मशीन बंद असतानाही बटणाएवढ्या सेलवर चालणारं. विंडोज मानतं की त्यातली वेळ स्थानिक आहे, म्हणजे भारतीय. लिनक्स मानतं की ती जागतिक प्रमाणवेळ आहे आणि तीत साडेपाच तास मिळवायचे आहेत. सकाळी दहाला विंडोज बंद करून लिनक्स उघडलं, की दुपारचे साडेतीन वाजलेले. लिनक्स इंटरनेटवरून खरी वेळ काढतं आणि आपल्या हिशेबानं घड्याळ 'दुरुस्त' करतं. पुढच्या वेळी विंडोज उघडलं की पहाटेचे साडेचार. मग विंडोज दुरुस्त करतं. दोघंही प्रामाणिक, दोघांचाही हिशेब बिनचूक, आणि प्रत्येकाच्या दुरुस्तीनं दुसऱ्याचं बिघडतं.

हा प्रकार आपल्याकडे कॉम्प्युटरच्या फार आधी होऊन गेला आहे. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईनं आपली वेळ सोडली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि ती १९५५पर्यंत चालू राहिली. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहरात दोन बरोबर घड्याळं होती. मध्यान्ह सूर्य डोक्यावर आल्यावरच होणार, सरकारच्या आज्ञेनं नव्हे, हा मुंबईकरांचा मुद्दा चुकीचा म्हणता येत नाही. रेल्वेला सगळ्या देशात एकच वेळापत्रक हवं, हाही नाही. मुंबईत हा वाद माणसांनी चालवला, म्हणून तो पन्नास वर्षं सुसह्य झाला; प्रत्येकाला ठाऊक असे की आपण कोणती वेळ बोलतोय. मशीनवर असं बोलणारं कुणी नसतं. म्हणून एकाला सांगावंच लागतं की बाबा, या घरात घड्याळाचा अर्थ असा धरायचा. कुणालाही सांगितलं तरी चालतं. बहुतेकजण लिनक्सला सांगतात, कारण ते एका ओळीत ऐकतं. विंडोजला सांगायचं तर त्याच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, शिरावं लागतं. ऐकून घेणाऱ्यालाच दर वेळी सांगितलं जातं, हे घराघरातलं वास्तव इथंही आहेच.

याच जातीची आणखी एक खोड म्हणजे फास्ट स्टार्टअप. शट डाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. आतला काही भाग डिस्कवर तसाच झोपवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. लिनक्सला मग तो भाग नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. मुलीला वाटतं फायली लॉक झाल्या. ही सोय बंद केली की प्रश्न संपतो.

कुणी विचारेल, आता या कटकटीची गरज काय? विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येतं, आभासी मशीन करता येतं. येतं, आणि सोळा जीबी रॅमचा नवा लॅपटॉप असेल तर तेच करावं. ड्युअल बूटचा हट्ट धरण्यात काही पुण्य नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यात न बसणारी, पण चांगली चालणारी मशीनं घराघरांत आहेत, चार जीबीवाली, धूळ पुसून वापरली जाणारी. जुन्या कामापुरतं विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणं हाच त्यांच्यासाठी परवडणारा मार्ग आहे. तेव्हा दोन बिऱ्हाडं एका डिस्कवर येण्याचे प्रसंग वाढणारच.

मात्र नव्या मशीनवर प्रश्न क्रमाच्या पुढे गेला आहे. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर सिक्युअर बूट सर्रास आलं. मदरबोर्ड आता विचारतो : हा प्रोग्रॅम चालू करायचा, तर त्यावर ओळखीची सही आहे का? घरगुती मशीनमध्ये ओळखीची म्हणून जी सही कारखान्यातूनच येते, ती मुख्यतः मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनी यावर शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम काढला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतात, आणि तो पुढे ग्रबला ओळख दाखवून आत घेतो. म्हणजे मुलीच्या लिनक्सला घरात शिरायलाही शेजाऱ्याच्या शिक्क्याचा कागद लागतो.

यामागची भीती खोटी नाही. सिस्टिम सुरू होण्याआधीच आत घुसून बसणारी घातक सॉफ्टवेअर असतात; २०२०मध्ये ग्रबमध्येच बूटहोल नावाचं मोठं भगदाड सापडलं होतं. जुन्या, भोकं पडलेल्या ग्रबना दार बंद करणं आवश्यक होतं. तेच करायला १३ ऑगस्ट २०२४ला विंडोजचं एक अपडेट आलं. ड्युअल बूटच्या मशीनना ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जगभर अनेक मशीनवर ते लागू झालं, आणि लिनक्स निवडलं की पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा, काहीतरी गंभीर बिघडल्याचा संदेश येऊन मशीन बंद होऊ लागलं. कायमची दुरुस्ती २०२५च्या मे महिन्यातल्या अपडेटबरोबर आली. मधल्या काळात लोकांनी सिक्युअर बूट बंद करून, ती बंदी पुसून, पुन्हा चालू करून मार्ग काढला. इथं घरातल्या कुणी काही डिलीट केलेलं नव्हतं, डिस्कवरची एकही नोंद फाटलेली नव्हती. सहीची यादी बदलली होती, आणि ती बदलणारा घरात राहत नव्हता. हाच खेळ पुन्हा कधीतरी होणार, कारण सह्यांनाही मुदत असते. २०११ साली दिलेली सिक्युअर बूटची प्रमाणपत्रं २०२६मध्ये संपतात.

त्यातच बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि दुरुस्तीसाठी बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून असते, आणि ते खातं मशीन घेताना दुकानातल्या माणसानं कुठल्या तरी ईमेलवर उघडलेलं असतं. लिनक्स दुरुस्त करायला बसण्याआधी हे खातं शोधणं हे पहिलं काम, पेन ड्राइव्ह त्यानंतर. इथं चूक झाली तर सातबाऱ्याचा आधारही उरत नाही. नोंद शाबूत आणि जमीन कायमची बंद.

या व्यवस्थेत एक फट मालकासाठी ठेवलेली आहे, आणि तिचं नावच मशीन ओनर की असं आहे. शिमला आपण स्वतःची सही ओळखायला शिकवू शकतो. लिनक्समध्ये काही ड्रायव्हर टाकताना ती वेळ येते. एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि मशीन पुन्हा सुरू करायला लावतात. पुन्हा सुरू झालं की निळा पडदा येतो : कोणतंही बटण दाबा, नाहीतर पुढे जातो. दहा सेकंद. मशीनसमोर खुद्द मालक बसला आहे हे सिद्ध करायची ही पद्धत आहे, कारण दुरून घुसलेल्याला ते बटण दाबता येत नाही. बहुतेकांना हा पडदा म्हणजे नवा बिघाड वाटतो आणि ते हात मागे घेतात. मशीन नेहमीसारखं सुरू होतं, सही नोंदली जात नाही, ड्रायव्हर चालत नाही, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.